उसन्या नांवाची भूमि

परदेशीं गेलेला मुलगा तेथें घर घेऊं म्हणतो, असें कानीं आलें म्हणजे आपल्या घरांतून बहुधा दोन प्रकारचे उद्गार निघतात. आजीच्या डोळ्यांस पाणी येतें, कारण घर घेतलें म्हणजे परत येणें संपलें. आणि आजोबा समाधानानें मान हालवितात, कारण भाड्याच्या घरांत आयुष्य काढणें त्यांस कमीपणाचें वाटतें. गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं हे दोन्ही उद्गार एकदमच निघाले, आणि त्यांच्या मागोमाग तिसरा एक प्रश्न उभा राहिला, तो असा कीं, तिकडची जमीन घेण्यासाठीं इकडची बाग विकावी कीं नाहीं? त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याच्या निमित्तानें आम्हांस इंडोनेशियांत, जावा म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांतील यवद्वीप, तेथील योग्यकर्ता नगराच्या वेशीबाहेर पांच आठवडे राहण्याचा योग आला. तेथें जें पाहिलें, वाचलें व विचारून घेतलें, तें आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. कारण आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांचीं मुलें आतां देशोदेशीं पसरलीं आहेत, आणि हा प्रश्न आज ना उद्यां अनेक घरांत निघणार आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. आमच्या स्नेह्यांचे कनिष्ठ चिरंजीव, आमचे एके काळचे विद्यार्थी, नोकरीनिमित्त सहा वर्षें योग्यकर्त्यास आहेत. पत्नी व दोन मुलें बरोबर आहेत. नगराच्या उत्तरेस, मेरापी पर्वताकडे जाणाऱ्या कालिउरांग रस्त्यापासून थोडें आंत, एका घरांत ते भाड्यानें राहतात. त्या घराच्या शेजारींच भातशेतीचा एक तुकडा विकावयास निघाला. मध्यस्थ म्हणाला, "घेऊन टाका, कायद्याची अडचण आहे खरी, पण ती मिटवितां येते." घासाघीस होऊन किंमत ठरली. तेवढी रक्कम उभी करण्यासाठीं स्नेह्यांनीं राजापूरकडील कलमांच्या बागेंतील आपला हिस्सा विकावा असें घाटत होतें. बाग तिघां भावांची सामाईक. मधल्या भावानें सही देण्याचें नाकारिलें. आणि चाळीस वर्षें एका पंगतीस जेवलेल्या घरांत पहिल्यांदाच ताटें निरनिराळ्या वेळीं मांडलीं जाऊं लागलीं. अशा वेळीं स्नेही आमच्याकडे आले व म्हणाले, "मास्तर, तुम्ही एकदां जाऊन पाहून या. तुमचा शब्द तो मोडणार नाहीं." शब्दाविषयीं आम्हांस तितकी खात्री नव्हती, तरी आम्ही गेलों.

योग्यकर्ता हें नांव अयोध्येवरून पडलें असें मानतात. १७५५ सालीं गियांती येथें झालेल्या तहानें मातारामच्या राज्याचे दोन भाग झाले व त्यांतील एक राजपुत्र मांगकुबुमि यांजकडे आला. त्यांनीं 'हामंगकुबुवोनो' हें पद धारण केलें. त्यांतील 'बुवोनो' म्हणजे आपलें भुवन; भुवनास सांभाळून धरणारा असा त्या पदाचा भावार्थ. त्याच वंशांतील दहावे सुलतान हल्लीं गादीवर असून, २०१२ च्या कायद्यान्वयें त्या प्रांताचे राज्यपालपदही त्यांजकडेच आहे. उत्तरेस मेरापी, मध्यें राजवाडा आणि दक्षिणेस समुद्र अशी एक सरळ रेषा कल्पून या नगराची मांडणी झाली. २०२३ सालीं युनेस्कोनें तिची गणना जागतिक वारशांत केली. खुद्द नगरपालिकेची हद्द मात्र अवघी बत्तीस-तेहतीस चौरस किलोमीटर. त्यामुळें वाढतें नगर वेस ओलांडून उत्तरेस स्लेमान व दक्षिणेस बांतुल या जिल्ह्यांत पसरलें आहे. १९४९ सालीं स्थापन झालेलें गाजा माद विश्वविद्यालय हेंही स्लेमान जिल्ह्यांतच आहे, आणि त्याच्या आसपासच्या गांवांस आतां गांव म्हणावें कीं नगर, हें सांगणें कठीण झालें आहे.

आमचा मुक्काम याच पट्ट्यांत होता. आपल्याकडे पौषाची थंडी, तर तिकडे भर पावसाळा. सकाळीं आम्ही मातारामच्या कालव्याच्या कांठानें फिरावयास जात असूं. प्रोगो व ओपाक या दोन नद्यांस जोडणारा हा कालवा जपानी अमलांत, नववे सुलतान यांच्या पुढाकारानें खणला गेला. आपली माणसें वेठीनें परमुलखांत नेलीं जाऊं नयेत म्हणून त्यांनीं हें काम घरींच काढिलें, असें तेथील लोक कृतज्ञतेनें सांगतात. त्या पाण्यावर भातशेतें उभीं आहेत. परंतु कालच्या शेतांत आज दगडी जोतें दिसतें, आणि परवां तेथें लाल कौलांच्या एकसारख्या घरांची ओळ उभी राहते. अशा वसाहतीस 'पेरुमाहान' म्हणतात. जुन्या वस्तीस 'काम्पुंग'. एका बाजूस पेरुमाहानची भिंत, दुसऱ्या बाजूस काम्पुंगचीं केळीं व फणस, आणि दोहोंच्या मध्यें गुडघाभर पाण्यांत वांकून लावणी करणाऱ्या बायका, असें तेथील वेशीबाहेरचें रूप आहे. चिरंजीवांस हवा असलेला तुकडा याच मधल्या जागेंतला होता.

संस्कृत शिकवून आयुष्य घालविलेल्या मनुष्यास त्या देशांत पहिले कांहीं दिवस भाषेचीच भूल पडते. गांव म्हणजे 'देसा', पति म्हणजे 'सुआमि', पत्नी 'इस्त्रि', साक्षीदार 'साक्सि', दंड 'देन्दा'. किंमतीस 'हर्गा' म्हणतात, तो आपला अर्घ. ज्या महार्घापासून आपला 'महाग' निघाला, तोच हा. मालमत्तेस 'हर्ता' म्हणतात, तो आपला अर्थ. नागरिकास 'वार्गा नगारा' म्हणतात. त्यांत वर्ग व नगर हे दोन्ही शब्द आपले. शेजारचीं मुलें आम्हांस 'पाक गुरु' म्हणून हांक मारीत. 'पाक' म्हणजे वडील. एवढें सर्व ओळखीचें कानीं पडल्यावर ही भूमिही आपणांस परकी नसावी असें वाटूं लागतें, आणि चिरंजीवांसही तसेंच वाटलें असावें. परंतु शब्द पूर्वजांबरोबर समुद्रापलीकडे गेले, म्हणून त्यांच्या मागोमाग हक्क जात नाहींत. आणि जमिनीच्या बाबतींत तर त्या देशाचा कायदा फार स्पष्ट आहे.

तेथील भूमीचा मूलकायदा २४ सप्टेंबर १९६० चा आहे. त्यांत भूमि, पाणी व आकाश यांविषयीं बोलतांना 'बुमि' आणि 'आंग्कासा' हेच शब्द योजिले आहेत. राष्ट्राचा या तिहींशीं असलेला संबंध नित्य आहे, आणि त्यांच्याशीं पूर्ण नातें फक्त त्या देशाच्या नागरिकासच जोडतां येतें, असें तो कायदा सांगतो. सर्वांत श्रेष्ठ हक्कास 'हाक मिलिक' म्हणतात. हे दोन्ही शब्द अरबी. आपला 'हक्क' व आपली 'मिळकत' त्याच कुळांतलीं. हा हक्क वंशपरंपरा चालतो व त्यास मुदत नाहीं. त्याच्या खालीं 'हाक गुना बांगुनान', म्हणजे इमारत बांधून राहण्याचा मुदतीचा हक्क. हा नागरिकांस व त्या देशांत स्थापन झालेल्या मंडळ्यांस मिळतो. त्याच्याही खालीं 'हाक पाकाइ', म्हणजे केवळ वापरण्याचा हक्क. आणि शेवटीं भाडेपट्टा. तेथें राहणाऱ्या परदेशी गृहस्थानें जमिनीसह घर घेतों म्हटलें, तर त्याच्या हातीं या शेवटच्या दोन गोष्टींच्या पलीकडे कांहीं येऊं शकत नाहीं.

ही भिंत कां उभारली, तें समजावून घेतलें पाहिजे. डच सरकारनें १८७० सालीं कायदा करून, ज्या जमिनीवर कोणाचा मालकी हक्क सिद्ध होत नाहीं ती सरकारची ठरविली, आणि ती मळेवाल्यांस पंचाहत्तर वर्षांपर्यंतच्या पट्ट्यानें देण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर १८७५ सालीं, देशी लोकांची जमीन परकीयांस विकतां येऊं नये असाही निर्बंध घातला. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्या लोकांनीं जुना दुहेरी कायदा मोडला, परंतु जमीन बाहेर जाऊं द्यावयाची नाहीं हें तत्त्व ठेविलें व त्यास नागरिकत्वाचा पाया दिला. ज्या शेतकऱ्यानें ऊंस व नीळ परक्यासाठीं पिकविली, त्याच्या नातवानें हा कायदा केला आहे. त्यास संकुचित म्हणण्यापूर्वीं आपण आपल्या घराकडे पाहावें. आपल्याच राज्यांत १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमानें, जो शेतकरी नाहीं त्यास परवानगीशिवाय शेतजमीन घेतां येत नाहीं. आणि परदेशीं राहणाऱ्या आपल्याच बांधवांसही येथें शेतजमीन अगर मळा विकत घेण्याची सर्वसाधारण मोकळीक नाहीं. मग दुसऱ्या देशानें आपल्या शेताभोंवतीं कुंपण घातलें तर त्याचें आश्चर्य कसलें?

सरळ मार्गानें परदेशी मनुष्यास घर मुळींच मिळत नाहीं असें मात्र नाहीं. २०२१ च्या नियमांनीं वापरण्याच्या हक्काची मुदत प्रथम तीस वर्षें, पुढें वीस वर्षांची वाढ आणि त्यानंतर तीस वर्षांचें नूतनीकरण, अशी एकूण ऐंशी वर्षांपर्यंत नेली आहे. त्यासाठीं राहण्याचा परवाना हवा. कुटुंबामागें एकच जागा, आणि तीही दोन हजार चौरस मीटरांपर्यंत. शिवाय प्रत्येक प्रांतासाठीं किमान किंमत ठरविलेली आहे; २०२२ च्या आदेशाप्रमाणें जाकार्ता व योग्यकर्ता येथें जमिनीवरील घरासाठीं ती पांच अब्ज रुपिया, म्हणजे आपल्या चलनांत अडीच कोटींच्या आसपास आहे. स्वस्त घरांसाठीं आपल्या लोकांची परक्यांशीं चढाओढ होऊं नये हाच त्यांतील हेतु. मालक वारल्यास हा हक्क वारसांस मिळतो, परंतु वारस परदेशी असल्यास त्यांजवळही राहण्याचा परवाना असावा लागतो; नाहीं तर वर्षाच्या आंत हक्क सोडावा अगर दुसऱ्यास द्यावा लागतो. आपल्या मध्यम स्थितींतील नोकरदारास हा मार्ग किंमतीनेंच बंद होतो, आणि म्हणूनच मध्यस्थ दुसरा मार्ग दाखवितो.

त्या दुसऱ्या मार्गाचें नांव 'पिंजाम नामा'. 'नामा' म्हणजे नांव, आणि 'पिंजाम' म्हणजे उसनें घेणें. आपल्याकडे ज्यास बेनामी म्हणतात, तेंच हें. मध्यस्थानें आणून दिलेले कागद चिरंजीवांनीं आमच्यापुढें ठेविले. पहिल्या कागदानें जमीन घरमालकाच्या नांवें होणार होती. दुसऱ्यानें घरमालक चिरंजीवांचा तेवढ्याच रकमेचा ऋणको बनत होता. तिसरें एक रद्द न होणारें मुखत्यारपत्र, चौथा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, आणि पांचवें, ही जमीन वस्तुतः आपली नव्हे अशी घरमालकाची कबुली. शिक्के उत्तम, अक्षर सुरेख. पाहणारास वाटावें कीं पांचांनीं मिळून एक भक्कम घर बांधिलें आहे.

परंतु १९६० च्या कायद्याचें २६ वें कलम आम्हीं एका जाणत्या गृहस्थाकडून शब्दशः समजावून घेतलें. प्रत्यक्षपणें असो वा आडमार्गानें असो, पूर्ण मालकी परदेशी मनुष्याकडे जावी या हेतूनें केलेली खरेदी, देणगी अगर मृत्युपत्र कायद्यानेंच रद्द होतें; जमीन सरकारजमा होते; आणि विकणारास दिलेले पैसे परत मागतां येत नाहींत. ही तिसरी गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. आपल्याकडे व्यवहार मोडला म्हणजे निदान बयाणा परत मिळावा यासाठीं भांडतां येतें. तेथें तेंही दार कायद्यानें लाविलें आहे. रद्द न होणाऱ्या मुखत्यारपत्राच्या आडून जमीन हस्तांतरित करण्यास १९८२ च्या सरकारी आदेशानें स्पष्ट मनाई आहे. म्हणजे पांच कागदांपैकीं ज्यांच्यावर चिरंजीवांची भिस्त होती, तेच त्यांचा हेतु न्यायालयापुढें उघड करणारे साक्षीदार ठरले असते. आपल्या देशानेंही १९८८ सालीं बेनामी व्यवहारांस बंदी केली व २०१६ सालीं ती अधिक कडक केली. तेव्हां ही गोष्ट आपणांस नवी वाटूं नये.

तेथील स्त्रीशीं विवाह करून ही अडचण सुटते असेंही कित्येकांस वाटतें. तसें नाहीं. १९७४ च्या विवाहकायद्याप्रमाणें विवाहानंतर मिळविलेली मालमत्ता पतिपत्नींची सामाईक, 'हर्ता बर्सामा', समजली जाते. त्यामुळें परदेशी पतीचा हिस्सा तींत आपोआप येतो आणि पत्नीचाही पूर्ण मालकीचा हक्क अडचणींत येतो. मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला असेल तरच ती वांचते. हा करार पूर्वीं विवाहाआधींच करावा लागे. तेथील घटना-न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयापासून तो विवाहानंतरही करतां येतो. योग्यकर्त्याची आणखी एक निराळीच गोष्ट आहे. तेथें १९७५ च्या एका प्रांतिक आदेशामुळें चिनी वंशाच्या नागरिकांस, ते पिढ्यान्‌पिढ्या त्या देशाचे असूनही, पूर्ण मालकीनें जमीन देत नाहींत. याविरुद्ध दाद मागितली गेली, परंतु २०१८ सालीं ती फेटाळली गेली. हा निर्बंध आम्हांस न्यायाचा वाटला नाहीं, आणि तसें म्हणणारे लोक त्या देशांतही पुष्कळ आहेत. परंतु जेथें नागरिकासही असा अनुभव येतो, तेथें उसन्या नांवाची काय कथा?

आतां जमिनीविषयीं. वेशीबाहेरची जमीन ही नुसती मोजणीची गोष्ट नव्हे. तिच्या मागें कोण उभा आहे, तें पाहावें लागतें. योग्यकर्त्याच्या प्रांतांत कांहीं जमीन सुलतानांच्या घराण्याची व कांहीं पाकुआलाम या धाकट्या घराण्याची आहे. २०१२ च्या कायद्यानें त्या दोन्ही घराण्यांची ही मालकी मान्य केली. गांवाच्याही जमिनी असतात. गांवकामगारांस पगाराऐवजीं दिलेली ती 'पेलुंगुह', निवृत्त झालेल्यांस दिलेली ती 'पेंगारेम-आरेम', आणि गांवाच्या खजिन्याची ती 'कास देसा'. आपल्या वतनाच्या जमिनी ज्यांस आठवतात, त्यांस हें चट्कन समजेल. अशा जमिनी कसावयाच्या किंवा पट्ट्यानें घ्यावयाच्या, विकावयाच्या नव्हेत. तरीही स्लेमान जिल्ह्यांत गांवखजिन्याच्या जमिनीवर घरें बांधून लोकांस दिल्याचें प्रकरण २०२३ सालीं न्यायालयांत गेलें, व बांधणारा आणि गांवचा मुख्य अधिकारी या दोघांसही शिक्षा झाली. पैसे गुंतविलेले लोक मात्र टाळें लाविलेल्या घरांकडे पाहत राहिले, आणि ते बहुतेक त्याच देशाचे रहिवासी होते. शिवाय ज्यास आपला सातबारा म्हणावा अशा जुन्या कागदांवर, 'गिरिक' वर, पुष्कळ व्यवहार होत आले. परंतु तो कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. २०२१ च्या नियमांनीं असे जुने कागद नोंदवून घेण्यास पांच वर्षांची मुदत घालून दिली. भातशेताचेंही तसेंच. २००९ च्या कायद्यानें अन्नधान्याच्या जमिनीस संरक्षण दिलें आहे. चिरंजीवांच्या तुकड्याची चौकशी केली तेव्हां तो संरक्षित पट्ट्यांत निघाला, आणि त्यावर घर बांधण्याची परवानगी खुद्द घरमालकासही मिळाली नसती.

कागदाखालची माती पाहिली तर तीही स्वस्थ नाहीं. २७ मे २००६ च्या पहांटे बांतुलच्या बाजूस भूकंप होऊन पांच हजारांहून अधिक माणसें दगावलीं; लोखंडी सळ्यांवांचून उभारलेल्या विटांच्या भिंतींनीं अधिक घात केला. २०१० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत मेरापीचा उद्रेक झाला, तींत तीनशेंहून अधिक बळी पडले. त्या वेळीं धोक्याची सीमा पर्वतापासून वीस किलोमीटरांपर्यंत वाढविली होती, आणि आम्ही राहत होतों तें घर त्या सीमेच्या जवळच. तेव्हां उत्तरेस जागा घेतांना धोक्याच्या पट्ट्यांचा नकाशा व नदीचें पात्र, आणि दक्षिणेस घेतांना घराचा सांगाडा, हीं किंमतीच्या आधीं पाहावीं असें तेथील शहाणे लोक सांगतात.

हें सर्व झालें तरी चिरंजीवांचें मन वळत नव्हतें. "गुरुजी, घरमालक देवमाणूस आहेत. ते फसवणार नाहींत," एवढेंच ते म्हणत. तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, ज्यांचें नांव उसनें घ्यावयाचें, त्यांनाच विचारावें.

घरमालक वृद्ध गृहस्थ. गांवच्या कचेरींतून निवृत्त झालेले. निवृत्तीबद्दल मिळालेली पेंगारेम-आरेम जमीन ते अजून स्वतः कसतात. त्यांच्या घरापुढें चार खांबांचा, चोहों बाजूंनीं मोकळा 'पेन्दोपो' आहे. मंडपाचेंच तें रूप. एका पावसाळी संध्याकाळीं तेथें बसून आम्हीं विषय काढिला. दुभाष्याचें काम सूनबाईंनीं केलें. चिरंजीव कचेरींत इंग्रजींत बोलतात, भाषा खरी शिकल्या त्या बाजारहाट करणाऱ्या सूनबाईच. वृद्ध पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "पाक गुरु, माझें नांव मी आनंदानें दिलें असतें. पण तें माझ्या एकट्याचें नाहीं. मी आहें तोंवर माझा शब्द आहे. मी गेलों म्हणजे कागद राहील, आणि कागदावर जमीन माझी असेल. मला चार मुलें. त्यांतील एखाद्यास पैशाची नड लागली, तर तो काय करील हें मी आज कसें सांगूं? आणि त्यानें तसें केलें, तर त्यास चोर कोणीं केलें?" थोडें थांबून त्यांनीं शेताकडे बोट दाखविलें. "ही जमीन मी बारा वर्षें कसतों. ती माझी नाहीं. मी गेलों कीं गांवाकडे परत जाईल. तरी भात मीच खातों."

त्यांचें बोलणें मराठींत सांगून झाल्यावर सूनबाई आपल्या पतीकडे वळल्या व हलक्या आवाजांत म्हणाल्या, "आणि तुम्हांला कांहीं झालें, तर त्या पांच कागदांचें मीं काय करावें, तें अजून तुम्हीं मला सांगितलेलें नाहीं." चिरंजीवांनीं उत्तर दिलें नाहीं. त्या रात्रीं जेवणही नेहमींपेक्षां उशिरां झालें.

आमच्या उरलेल्या दिवसांत आम्हीं एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिलें. मालकी नसतांना हीं माणसें तेथें कशाच्या बळावर राहतात? उत्तर शोधावयास फार लांब जावें लागलें नाहीं. प्रत्येक गल्लींतील घरें मिळून एक 'रुकुन ततांगा', शेजाऱ्यांचें मंडळ, असतें. जपानी अमलांत (१९४२–४५) नजर ठेवण्यासाठीं सुरू झालेली ही व्यवस्था आतां लोकांनीं आपलीशी केली आहे. पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आंत मंडळाच्या प्रमुखास कळवावें लागतें. आमचेंही नांव तसें नोंदलें गेलें. रविवारीं सकाळीं गटारें व रस्ते साफ करण्यास सर्व घरांतून माणसें येतात. त्या कामास 'कर्जा बाक्ति' म्हणतात. कार्य आणि भक्ति हे दोन शब्द आम्हीं जन्मभर शिकविले, परंतु ते एकत्र खराटा घेऊन रस्त्यावर उतरलेले तेथेंच पाहिले. बायकांची 'आरिसान' म्हणजे आपली भिशी. सूनबाई तींत चार वर्षें आहेत. रात्रीं पुरुष पाळीपाळीनें गस्त घालतात, आणि प्रत्येक घराच्या बाहेर टांगलेल्या लहानशा डब्यांत घरधन्यानें ठेविलेले चिमूटभर तांदूळ गोळा करितात. त्यास 'जिंपितान' म्हणतात. आतां बहुतेक ठिकाणीं तांदळांऐवजीं नाणें ठेवतात. त्या पैशांतून आजाऱ्याचें औषध अगर गल्लींतला दिवा निघतो. ज्या घरापुढील डबा रिकामा दिसेल, तेथें सकाळीं कोणी तरी विचारावयास येतो.

खाण्यापिण्याची सोयही वाटली तितकी कठीण नाहीं. सोयाबीनचे 'तेंपे' व 'ताहु' सर्वत्र मिळतात. कोंवळ्या फणसाची नारळाच्या दुधांत शिजविलेली 'गुदेग' ही तर त्या नगराचीच ओळख, मात्र तिच्याबरोबर अंडें व कोंबडी वाढण्याची चाल असल्यामुळें आधीं सांगावें लागतें. त्यांची तिखट चटणी पुष्कळदां कोळंबीच्या मसाल्यानें केलेली असते. शाकाहारी कुटुंबांनीं तेवढें विचारून घ्यावें.

निघण्यापूर्वीं आम्हीं स्नेह्यांस सविस्तर पत्र लिहिलें. त्यांत एवढेंच म्हटलें कीं, बाग विकूं नये. चिरंजीवांस राहावयास जागा हवी आहे, ती भाड्यानेंही मिळते. जमिनीसाठीं जें नांव उसनें घ्यावें लागतें, तें ज्याचें आहे त्यालाच तें नको आहे. तेथें भाडें बहुधा वर्षाचें एकदम आगाऊ देतात, व करार पुष्कळदां तोंडीच असतो. घरमालकांनीं आतां नोटरीपुढें पांच वर्षांचा लेखी करार करून दिला, आणि आपल्या मृत्यूनंतरही तो मुलांवर बंधनकारक राहील असें कलम त्यांनीं स्वतः होऊन घालविलें. पांच कागदांऐवजीं एक कागद झाला, परंतु त्यावर लिहिलें आहे तें सर्व खरें आहे.

राजापूरची बाग जागेवर आहे. मधल्या भावाचा राग पुरता गेला असें म्हणवत नाहीं. परंतु गेल्या वैशाखांत आंब्याची पहिली पेटी त्यांनींच भरून आमच्याकडे पाठविली. चिरंजीवांच्या मनांत अजून थोडी खंत आहे, तीही आम्ही समजूं शकतों. पुरुषास आपल्या नांवाची चार भिंती हव्याशा वाटतात. ज्यांच्या घरीं असा प्रश्न निघेल, त्यांनीं त्या देशाचा कायदा मध्यस्थाच्या तोंडून न ऐकतां स्वतः समजावून घ्यावा, व्यवहार लेखी करावा, आणि घरांतील स्त्रीस विचारल्यावांचून तो पुरा करूं नये, एवढें आमचें सांगणें आहे.

आमच्या शेवटच्या रात्रीं गस्तीची पाळी चिरंजीवांची होती. छत्री व कंदील घेऊन ते निघाले, आणि परत आले तेव्हां डब्यांतील नाणीं मोजून वहींत टिपलीं. वहीवर गल्लींतील घरांचीं नांवें ओळीनें होतीं. त्यांत त्यांचें नांव सातवें होतें.